ताईनं लावून ठेवलेलं मशीन

मायचा फोन आला तेव्हा मी अंकुशनगरला, साखर कारखान्यात, बॉयलरमागच्या एका बिघडलेल्या दाबमापकाशी भांडत होतो. हंगाम संपत आला होता. मायला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, म्हणून माझ्या मोठ्या बहिणीनं, शोभाताईनं, तिच्या बटणाच्या मोबाइलवर दोन नंबर लावून दिले होते. एक दाबला की ताईला लागायचा आणि दोन दाबला की मला. मायनं त्या दिवशी आधी एक दाबला होता. पलीकडच्या खोलीत ताईचा फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही, मग ती भिंत धरत तिकडं गेली आणि तिथं उभं राहूनच तिनं दोन दाबला. "बाळू," ती म्हणाली, "शोभी बोलून न्हाई राह्यली. मशीन चालू हाय तिचं, पंखा वाजून राह्यला... पर ती बोलून न्हाई राह्यली." मला मशीनच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं म्हणून मी तिच्यावर खेकसलो, जोरात बोल म्हणून. तिनं तेच वाक्य तसंच्या तसं परत म्हटलं. अंबड, जालना करत बदनापूरला पोचेपर्यंत मी वाटेत कुठं थांबलो असेन तर मला आठवत नाही.

ताईला शेजाऱ्यांनी खुर्चीवरून उतरवून घोंगडीवर निजवलं होतं. डॉक्टर येऊन गेले होते. हृदय बंद पडलं म्हणाले, कळलंही नसेल तिला म्हणाले. शेहेचाळिसाव्या वर्षी माणूस भर दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या जातं आणि वरून लोक सांगतात की कळलं नसेल. मला त्या वाक्याचा फार राग आला. पण खरं सांगायचं तर त्या खोलीत माझं लक्ष आधी ताईकडं गेलंच नाही, तिच्या संगणकाकडं गेलं. पडद्याचे दोन भाग होते. डावीकडं एक धुरकट चित्र, जुन्या लग्नातल्या गर्दीचं, चेहऱ्यांच्या जागी नुसते पिवळट डाग. उजवीकडं तेच चित्र, पण डागांना नाकडोळे फुटलेले. दहा-बारा सेकंद झाले की दोन्हीकडचं चित्र बदलायचं, पुढचं यायचं. खाली लिहिलेलं होतं, अजून नऊ दिवस. खोलीत बायका रडत होत्या आणि ते आपलं काम करत होतं. मी तिरीमिरीत बटणाकडं हात नेला. मायला दिसलं नसणार, पण तिनं माझी पावलं ओळखली. "हात लावू नको," ती म्हणाली. "तिनं लावलेलं हाय. तेरावा होईस्तोर या खोलीतलं काहीच इझवायचं न्हाई."

शोभाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमचे वडील, आबा, मेंढरं राखायचे. वाटूरकडच्या माळांवर वर्षातले सात-आठ महिने त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, फिरायचा, आणि ताई पोरगी असून त्यांच्या मागं काठी घेऊन चालायची. आबा मी सात वर्षांचा असताना गेले. त्यांचा एकही फोटो आमच्याकडं नाही, मला त्यांचं तोंड आठवत नाही, आवाज तेवढा आठवतो. ताईचं लग्न झालं, चार वर्षांत ती माघारी आली. का आली ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मायनं कधी विचारलं नाही. मी मात्र दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा शिव्या खाल्ल्या. मग बदनापुरात एका फोटो स्टुडिओत कामाला लागली, तिथं लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग शिकली, आणि काही वर्षांनी घरातल्याच पत्र्याच्या खोलीत स्वतःचं मशीन मांडलं. स्टेशनजवळचं घर, आजूबाजूला पोती, धूळ, कापसाची पिंजण. आणि उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की मधली भिंत हाताला चटका द्यायची. अशा खोलीत तिचं ते ग्राफिक्स कार्ड, म्हणजे संगणकात चित्रांचं सगळं ओझं उचलणारा भाग, चालायचं. लग्नसराईत दिवसदिवस, न थांबता.

इथं मला माझा गुन्हा सांगितला पाहिजे. तिचं पहिलं कार्ड मी जाळलं. मी कारखान्यात मापकांचा माणूस, दाब, ताप, विजेचा भार हे सगळं मला कळतं असा माझा तोरा. कार्डाला कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतं, त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, हे मला कुठूनतरी कळलं. ऐन एप्रिलात मी तिच्याकडं गेलो, म्हटलं ताई, तुझं हे गाढव आहे, याचा घोडा करून देतो. नेटवरून कुठलीतरी फाइल उतरवून कार्डाच्या मर्यादाच उठवल्या आणि व्होल्टेज वर ढकललं. वेग वाढला. मी मिशीत हसत चहा पिऊ लागलो. चहा संपायच्या आत पडद्यावरच्या नवरीच्या तोंडावर लाल-हिरवे ठिपके उठले, पडदा काळा झाला आणि खोलीत जळालेल्या रबराचा वास पसरला. ताई उठली. खिडकी उघडली, आणि मला म्हणाली, "जेवून जा." पुढचे दोन महिने ती माझ्याशी तेवढंच बोलायची, जेवलास का आणि निघालास का.

त्या दोन महिन्यांत तिनं एक जुनं, कोणीतरी वापरून टाकलेलं कार्ड मिळवलं आणि बारावी नापास असलेली माझी बहीण ते शास्त्र तळापासून शिकली. मग एक दिवस मला बोलावून घेतलं. "ये," म्हणाली, "मला आता कळलंय तू काय केल्तं ते. बस इथं, शिकविते तुला." तिची रीत माझ्या बरोब्बर उलटी. आधी वेग वाढवायचाच नाही. आधी थंड करायचं. तिनं कार्ड उघडून आतला, उष्णता ओढून नेणारा, वाळून खडखडीत झालेला लेप खरवडला, नवा लावला. मशीन जमिनीवरून उचलून दोन विटांवर ठेवलं. भिंतीला भोक पाडून एक छोटा पंखा बाहेर हवा फेकायला बसवला. पुढून हवा आत घेणाऱ्या पंख्यांवर आपल्या जुन्या ओढणीचा तुकडा ताणून बांधला, धूळ आणि पिंजण अडायला. कार्डावरच्या पंख्यानं किती तापावर किती जोरात फिरायचं याची रेघ तिनं स्वतः आखली. मग व्होल्टेज, ते वर न्यायचं सोडून तिनं खाली आणलं. थोडं थोडं कमी करत, कुठवर कमी केलं तरी कार्ड तेवढंच काम करतं ते पाहत. विजेचा भार ऐंशी टक्क्यांवर बांधला. ताप बहात्तर अंशांच्या वर जायला लागला तर कार्डानं आपणहून हळू व्हायचं, अशी मर्यादा घातली. आणि एवढं सगळं झाल्यावर मग वेगाला हात. तोही पंधरा-पंधरानं. पंधरा मेगाहर्ट्झ वाढवायचे, अर्धा तास कार्डाला घाम फुटेल असं काम लावायचं, समोर बसून चेहरे बघायचे. ठिपके दिसले की म्हणायची, "गोवर आला, उतर खाली." आणि जिथं गोवर येत नाही अशी शेवटची पायरी सापडली, की तिथं थांबायचं नाही, तिथून आणखी दोन पायऱ्या खाली उतरायचं.

मी म्हटलं, अगं सापडलं ना, मंग खाली काहून उतरून राह्यली? तर म्हणाली, "आबा कळप कधी पळवायचे का? पळवला की पोचत न्हाई, मधीच दमून बसतो. शेवटची मेंढी चालंल तेवढंच चालायचं." मी तिची पुष्कळ टिंगल केली. ताईच्या कार्डाला डोहाळे लागलेत म्हणालो, त्याला आता काजळतीट लाव म्हणालो. पण मागच्या वर्षी त्रेचाळीस अंशांच्या दुपारी तिचं ते म्हातारं कार्ड लग्नामागून लग्न उपसत होतं, आणि जालन्यातल्या माझ्या एका मित्राचं कोरं करकरीत मशीन बर्फाच्या पिशव्या ठेवूनही बंद पडत होतं. ताई कधी "बघ" म्हणायचीच नाही, आणि याचा मला जास्त राग यायचा.

मायच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. डावा आधीच गेला, उजव्यात मधोमध एवढंसं दिसायचं, बांगडीतून बघावं तेवढं. गेलेलं परत येत नाही, आहे तेही फार दिवस राहणार नाही, असं डॉक्टरांनी दिवाळीनंतर स्पष्ट सांगितलं. त्या दिवशी घरी येताना माय रिक्षात एवढंच म्हणाली, "एकदा त्यांचं तोंड दिसायला पाहिजे व्हतं." त्यांचं म्हणजे आबांचं. आणि मग तिला आठवलं की वाटूरला आमच्या मामाच्या लग्नात व्हिडिओवाला आला होता. त्या काळी गावात नवलच होतं ते, आणि आबा वाडा सोडून एक दिवस त्या लग्नाला आले होते. ताईनं ती कॅसेट शोधून काढली. मामाच्या पत्र्याच्या पेटीत होती, बुरशी आलेली. ताईनं ती पुसून, चालवून संगणकात उतरवली, पण चेहरे असे विटले होते की कोण कोण आहे काही समजेना. त्या गर्दीत आबा कुठं आहेत हे कळायला सगळी कॅसेटच साफ करावी लागणार होती. एका प्रोग्रॅमनं एकेक चित्र उजळायचं. एका तासाच्या कॅसेटमध्ये अशी नव्वद हजार चित्रं. आणि खोलीतल्या त्या म्हाताऱ्या कार्डानं ती सगळी ओढायची.

आमची शेवटची भेट तिनं हे काम लावलं त्याच आठवड्यात झाली. ताईनं मला पडद्यावर सगळं दाखवलं. वीज गेली आणि आली, तर मशीन आपणहून सुरू होणार, तिची सेटिंग आपणहून लागणार, आणि काम जिथं थांबलं त्या चित्रापासून पुढं चालू होणार, अशी तिनं तजवीज केली होती. "मी नसले घरी, बाजारात गेल्ते, तरी ह्ये थांबणार न्हाई," ती म्हणाली. आणि माझ्याकडं बघून, "बाळ्या, कितीबी घाई झाली तरी तू याला हात लावू नको. बिलकुल." मी म्हटलं, माझं काय डोकं फिरलंय. ती हसली. हात मशीनला उलटा लावून बघितला, आबा ताप आलाय का म्हणून मेंढराचा कान बघायचे तसा, आणि चहा टाकायला उठली... तेच तिचं मला दिसलेलं शेवटचं हसणं.

आमच्याकडं माणूस जिथं जातं तिथं दिवा ठेवतात. शेजारी परातीत पीठ पसरून त्यावर टोपली पालथी घालतात, आणि तिसऱ्या दिवशी टोपली उचलून पिठावर काय उमटलंय ते बघतात. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते त्यातून कळतं म्हणे. ताई खुर्चीत गेली, त्यामुळं दिवा खुर्चीपाशी, म्हणजे मशीनला लागून. परात मशीनच्या तोंडासमोर. हे मी बघितलं होतं आणि दुःखात माझ्या डोक्यात काही आलं नाही. तापलेल्या मशीनच्या नाकासमोर बारीक पीठ पसरून ठेवायची चूक आमच्यासारख्यांकडूनच होणार. दिव्याची ज्योत दोन दिवस सरळ उभी राहिली नाही, सारखी मशीनकडं झुकलेली. बायका तिकडं बघून आपसांत कुजबुजायच्या. मी सांगितलं की पंखा हवा ओढतोय म्हणून. कोणी माझं ऐकलं नाही, आणि मलाही त्या ज्योतीकडं फार वेळ बघवेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी मायच्या धाकट्या बहिणीनं, सरूमावशीनं, टोपली उचलली. पिठावर दोन खोल खुणा, एकमेकींना लागून, पुढं निमुळत्या होत गेलेल्या. "खूर हाय," मावशी म्हणाली. "कोकराचं खूर हाय, बाई." मायनं बोट फिरवून बघितलं आणि मान हलवली. मी तिथंच कावलो. म्हटलं, मशीनच्या तोंडाला दोन पंखे आहेत, दोन पंख्यांनी दोन ठिकाणचं पीठ ओढून घेतलं, त्यात खूर कुठलं आलं. बोलता बोलता माझी नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर गेली. ताप बहात्तर, आणि वेग पार पडलेला. ओढणीचा तुकडा पिठानं लिंपून पांढराफटक झाला होता, आत हवाच जात नव्हती. ताईनं घालून दिलेल्या मर्यादेमुळं कार्ड जळायचं सोडून हळू झालं होतं, रात्रंदिवस तसंच रांगत होतं. खाली लिहिलेलं होतं, अजून सतरा दिवस. तीन दिवसांत काम संपायचं सोडून वाढलं होतं.

त्याच सकाळी माय मला म्हणाली की समोरच्या दिव्याचे तिला आता दोन दिवे दिसून राह्यले. एवढं ऐकल्यावर माझ्यातलं जुनं गाढव जागं झालं. मी ओढणी ओरबाडून काढली, आणि तिला चिकटलेलं अर्धं पीठ सरळ आत गेलं. मग कारखान्यातला एक छोटा ब्लोअर मागवून आतलं पीठ उडवलं, परात लांब सरकवली, मावशीच्या शिव्या खाल्ल्या. ताप उतरला. आकडा सतरावरून आठवर आला. तिथं थांबायला हवं होतं. पण माझ्या मनानं घेतलं की मायचा डोळा आठ दिवस टिकणार नाही. ताईला सगळं सावकाश करायची सवय होती आणि सावकाशीनं काय झालं, तीच गेली. मी तिची सेटिंग मोडली, विजेचा भार शंभर टक्क्यांवर नेला, वेग पाच पायऱ्या एकदम चढवला. आकडा सातवर आला आणि मी समाधानानं अंगणात जाऊन बसलो.

दुपारी जेवून खोलीत गेलो तर सेटिंग ताईची होती. भार ऐंशी टक्के, वेग खाली, सगळं तिनं ठेवलं होतं तसं. खोलीत कोणी नव्हतं, फक्त दिवा. मला कारण माहीत होतं. कार्ड माझ्या वेगानं कोलमडलं असणार, मशीन आपणहून परत सुरू झालं असणार, आणि सुरू होताना तिची सेटिंग लागली असणार. तिनंच तर सांगितलं होतं मला. मी परत माझी लावली, दोन पायऱ्या कमी करून. संध्याकाळी परत तिची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी समोर बसून राहिलो. दोन तास काही झालं नाही. मी लघवीला उठलो आणि परत आलो तेवढ्यात पडदा उजळत होता, आणि कोपऱ्यात तिचे आकडे एकेक करून येऊन बसत होते. दाराशी माय भिंतीला टेकून बसली होती. तिला यातलं काही दिसत नव्हतं, मी तिला काही सांगितलंही नव्हतं. "न्हाई ऐकायची ती तुझं," माय म्हणाली. "लहानपणीबी कधी ऐकलं का तिनं? सोड आता." प्रत्येक कोलमडण्यात काही चित्रं खराब होत होती, त्यांच्यावर गोवर उठला होता, ती पुसून परत करावी लागणार होती. माझ्या घाईनं मी मायचे दोन दिवस खाल्ले होते. तो हिशोब कळल्यावर मी ओढणी धुतली, वाळवली, जागेवर बांधली आणि हात मागं घेतला.

पुढचे दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. सुतकातलं घर, बाहेर रणरणतं ऊन, आत पत्र्याखाली दिवा, आणि पडद्यावर दर दहा-बारा सेकंदांनी त्या लग्नातली माणसं उजळत होती. भेटायला आलेल्या बायका आधी पाठ करून बसायच्या, मग हळूहळू तिकडं तोंड करून बसायला लागल्या. सरूमावशी एकेकाला ओळखायची. "हा किसनभाऊ... वारला. ही त्याची पहिली बायको, तीबी वारली. ह्यो आचारी, ह्याला सर्प चावला." त्या गर्दीत जिवंत फार थोडी होती. एकदा मावशी अडखळली. "ह्या बाईला मी वळखत न्हाई," म्हणाली. "वाटुरात अशी बाई नव्हती." मला खाली बघावं लागलं. तो प्रोग्रॅम जे कॅसेटमध्ये उरलेलंच नसतं ते अंदाजानं भरतो. डोळा नसेल तर डोळा काढतो, ओठ नसतील तर ओठ. अशी कित्येक माणसं त्यानं घडवली असणार, जी त्या लग्नात काय, कुठंच कधी नव्हती. हे मी मावशीला सांगितलं नाही. मायला तर नाहीच.

तेराव्याच्या दिवशी पंगत उठत होती तेव्हा काम संपलं. पंखा मंद झाला आणि घर अचानक इतकं शांत वाटलं की मावशीनं हातातलं वाढप थांबवलं. मायला मी खुर्चीत बसवलं, पडद्याच्या वीतभर अंतरावर. मावशी मागं उभी राहून सांगायला. आम्ही बघत राहिलो. वरात, अक्षता, जेवणावळी... आणि शेवटाकडं, मांडवाच्या खांबाशी, मावशी म्हणाली, "थांब. ते बघ. दाजी." लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पण पाठमोरे. मी पुढं जाऊ दिलं, ते वळतील म्हणून. ते वळलेच नाहीत. पाऊण मिनिट पाठमोरे उभे राहिले आणि गर्दीत मिसळून गेले. तेरा दिवस आम्ही एका पाठीसाठी घालवले होते.

माय पडद्याकडं वाकली. तिनं बोट पुढं केलं आणि पडद्यावर, आबांच्या धोतराशी टेकवलं. "मागं घे," म्हणाली. मी मागं घेतलं. आबांचं धोतर मुठीत धरून दहा वर्षांची एक पोरगी उभी होती. ती तेवढी एकटी वळून सरळ आमच्याकडं बघत होती. काहीतरी बोलत होती, बँडच्या गोंगाटात ते कुठं ऐकू येणार. "शोभी हाय," माय म्हणाली. "परत मागं घे." मी अकरा-बारा वेळा मागं घेतलं. माय आपला तो बांगडीएवढा डोळा फिरवत राहिली, आधी कपाळ, मग डोळे, मग हनुवटी, असं तुकड्या-तुकड्यानं तिनं पोरीचं तोंड पुरं बघून घेतलं. माझ्या मनात एकच येत होतं, की डावीकडच्या मूळ चित्रात त्या तोंडाच्या जागी नुसता पिवळट डाग होता. यातलं किती ताईचं आणि किती कार्डानं अंदाजानं भरलेलं, ते मला सांगता येत नाही. त्या दिवशीही येत नव्हतं, आजही येत नाही.

याला आता तीन महिने होत आले. मागच्या महिन्यात मायचा उजवा डोळाही गेला. मी दर रविवारी बदनापूरला जातो, आणि दुपारी माय म्हणते, लाव. मी तो शेवटचा भाग लावतो. तिला बँड ऐकू येतो, बाकी काही दिसत नाही. आता, व्हिडिओ नुसता दाखवणं म्हणजे कार्डाला काहीच काम नाही. पंखा फिरायचंही कारण नाही. बहुतेक वेळ तो फिरतही नाही. पण मांडवाचा खांब आला, आबांची पाठ आली, आणि ती पोरगी वळली की पंखा चढतो. तेवढ्यापुरता, आणि ती दिसेनाशी झाली की उतरतो. पहिल्यांदा मी म्हटलं ऊन असेल. एका ढगाळ रविवारी मी तापाची, भाराची, पंख्याची रेघ बाजूला उघडून ठेवली. तापाची रेघ सपाट होती. भाराची सपाट होती. पंख्याची तेवढी वर गेली आणि खाली आली. पंधरा वर्षं मी मापकं दुरुस्त करतोय, अशा वेळी काय काय तपासायचं असतं ते मला पाठ आहे. मी पडद्यावरची ती खिडकी बंद केली आणि त्यानंतर उघडली नाही.

माय खुर्चीत बसलेली असते, तोंड पडद्याकडं, डोळे कुठं तिसरीकडंच. पंखा चढला की तिची मान किंचित वर होते. "आली का रं?" ती विचारते. मी पडद्याकडं बघतो. पोरगी आबांचं धोतर धरून उभी असते, आमच्याकडं बघत काहीतरी बोलत असते. मी म्हणतो, "आली, माय."